साभार परत आणि आभाराची वही

पेन्सिलटोक:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

सात-आठ वर्षं कथा लिहितेय, थोड्या छापून आल्यात, बऱ्याच नाही. यंदा एक दिर्घकथा तीन ठिकाणी पाठवली, तिन्हीकडून साभार परत. तिसरं पत्र आलं त्याच आठवड्यात माझ्याबरोबरच लिहायला लागलेल्या मैत्रिणीचं पुस्तक आलं. मी तिला 'अभिनंदन!!!' असा मेसेज केला, तीन उद्गारचिन्हं मोजून टाकली, आणि फोन उशीखाली सारून भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. स्वतःचीच इतकी लाज वाटली ना...

मग कोणीतरी सांगितलं की ग्रॅटिट्यूड डायरी लिही, रोज झोपताना तीन गोष्टी ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं. केलं. पहिला आठवडा खरंच छान गेला. तिसऱ्या आठवड्यात सहज वही चाळली तर 'आई, घर, तब्येत', 'तब्येत, आई, पुस्तकं', 'पुस्तकं, घर, आई'. हजेरी घेतल्यासारखं! आणि कथेची फाइल तर उघडवतच नाहीये. म्हणजे आधी नुसतं लिहिता येत नव्हतं, आता धड कृतज्ञही होता येत नाही.

तुमच्यापैकी लिहिणाऱ्या कोणी हे करतं का? लिखाणाला त्याचा काही उपयोग होतो की नुसतं मनाचं समाधान? की मीच चुकीचं करतेय?

निशाचर:
वाचतोय. तीन उद्गारचिन्हं म्हणजे जळफळाटाचं सर्टिफिकेटच, मीही देतो अधूनमधून. हलके घ्या.

खवटकाका:
आधी शुद्धलेखन. 'दिर्घकथा' नव्हे, दीर्घकथा. लेखक म्हणवता ना?

आता मुद्दा. हे पॉझिटिव्ह राहा प्रकरण मला मुळातच पटत नाही. लेखकाचं अर्धं भांडवल तक्रार हेच असतं, कुठेतरी काहीतरी खुपलं म्हणून तर माणूस लिहायला बसतो, सगळं छानच वाटायला लागलं तर लिहिणार काय, शुभेच्छापत्रं? आणि हे माझं एकट्याचं खवटपण नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोअ‍ॅन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली एक प्रयोग छापला होता, लोकांना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं वाक्य स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच बरं होतं त्यांना जरा बरं वाटलं, पण ज्यांना खरी गरज होती, स्वतःबद्दल वाईट मत असलेले, त्यांना उलट आणखी वाईट वाटलं. साहजिक आहे. तोंडाने एक म्हणायचं आणि आतून कोणीतरी 'हो का?' म्हणत राहणार. तीनदा कथा परत आलेल्या बाईला आरशासमोर 'मी यशस्वी लेखिका आहे' म्हणायला सांगणं हा दुष्टपणा आहे.

पेन्सिलटोक:
काका, दुरुस्तीबद्दल धन्यवाद (हे कृतज्ञतेत मोजू का?). पण मी आरशासमोर वगैरे काही म्हणत नाहीये हो, फक्त वही लिहितेय.

मधलीवेळ:
काका दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताहेत. स्वतःला सर्टिफिकेट देणं वेगळं आणि आपल्याला कुठून काय मिळालं ते नोंदवणं वेगळं. दुसऱ्यात खोटं बोलावं लागत नाही, घडलेलंच लिहायचं असतं.

माझा मानसशास्त्राशी कामापुरता संबंध आहे म्हणून थोडं लिहिते. ही वहीची कल्पना ज्या अभ्यासामुळे पसरली तो रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ यांचा, २००३ सालचा. त्यातल्या पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट होते, एकाने कृतज्ञ वाटाव्या अशा गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी, तिसऱ्याने आठवड्यात परिणाम करून गेलेल्या कुठल्याही घटना. आणि लक्षात घ्या, रोज नाही, आठवड्यातून एकदा, जास्तीत जास्त पाच गोष्टी, दहा आठवडे. पहिला गट एकंदरीत जास्त समाधानी आणि आशावादी निघाला. नंतर सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी तर आठवड्यातून एकदा लिहिणारे आणि तीनदा लिहिणारे अशी तुलनाच केली, त्यात फायदा झाला तो एकदा लिहिणाऱ्यांना! तीनदावाल्यांचं बहुतेक तुझ्यासारखंच झालं असावं, हजेरी.

मात्र यातून चमत्काराची अपेक्षा नको. नुसत्या कटकटी लिहिणाऱ्यांशी तुलना केली की परिणाम मोठा दिसतो, पण दुसरा एखादा बरा उद्योग दिलेल्या लोकांशी तुलना केली की तो बराच लहान होतो. आणि एक, महिनोन्‌महिने झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल तर वहीवर विसंबून राहू नको, डॉक्टरांशी बोल. तो प्रश्न लेखकपणाचा नसतो.

खोडरबर:
वाचनखूण साठवली. रोज लिहिण्याचं पाप मीही केलंय. माझ्या वहीत सलग अकरा दिवस 'झोप' आहे.

जुनीशाई:
पेन्सिलटोक, तुझ्या धाग्याचं नाव वाचून हसले आणि मग जरा वाईट वाटलं, कारण 'साभार परत' हे दोन शब्द मी आयुष्यात किती वेळा लिहिले असतील त्याला गणती नाही. बावीस वर्षं एका मासिकात संपादनाचं काम केलं. आमच्याकडे छापील चिठ्ठ्याच असायच्या, फक्त कथेचं नाव हाताने भरायचं. आभार मानतोय असं म्हणायचं आणि दार लावायचं. त्यातला 'साभार' कोणीच वाचत नाही, लिहिणाराही नाही. का? कारण तो कशाबद्दल आहे ते त्यात नसतं.

तुझ्या वहीत नेमकं तेच झालंय बघ. तू स्वतःच्या आयुष्याला छापील चिठ्ठ्या पाठवतेयस. 'आई.' बरं, काय केलं आईने? कधी? माझ्यासमोर कथेत असं आलं असतं, 'तिला आईबद्दल कृतज्ञता वाटली', तर मी समासात प्रश्नचिन्ह काढलं असतं आणि तूही दुसऱ्याच्या कथेत काढशील. मग स्वतःच्या वहीत का चालवून घेतेस? भावना आली नाही म्हणून तू काळजी करतेयस, पण भावना आणायचीच नाहीये, तपशील आणायचा आहे.

शब्दच बघ ना. कृत अधिक ज्ञ. जे केलं गेलं ते जाणणारा. त्यात कुठेही 'भारावून गेलेला' नाहीये. उलट कृतघ्न म्हणजे केलेल्याचा नाश करणारा, म्हणजे केलेलं विसरून ते नसल्यासारखं वागणारा. सगळा मामला माहीत असण्याचा आहे. मला तर वाटतं लेखकाला हे इतरांपेक्षा सोपं जायला हवं कारण कोणी नेमकं काय केलं हे बघणं हेच त्याचं काम, पण आपण ते काम फक्त दुसऱ्यांच्या दुःखावर करतो.

एक उदाहरण देते. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसने स्वतःपुरती जी टिपणं ग्रीकमध्ये लिहून ठेवली होती, दुसऱ्या शतकातली, त्यांचा पहिला भाग म्हणजे नुसती यादी आहे, कोणाकडून काय मिळालं त्याची. सतरा नोंदी. आजोबांपासून सुरू होते. पण 'आजोबा' लिहून पुढे जात नाही तो, प्रत्येकापुढे नेमकं काय ते आहे. मला आवडते ती त्याच्या व्याकरणाच्या शिक्षकाबद्दलची नोंद, अलेक्झांडर नावाचे. त्यांच्याकडून काय शिकला, तर कोणी चुकीचा शब्द वापरला तर त्याला टोकायचं नाही, चार लोकांत लाजवायचं नाही, आपल्या बोलण्यात तोच शब्द बरोबर वापरून पुढे जायचं. बस, एवढंच. पण तो माणूस उभा राहतो की नाही डोळ्यासमोर?

(काकांनी हे मनाला लावून घेऊ नये. घेतलं तरी चालेल.)

खवटकाका:
घेतलं नाही.

निशाचर:
शाईताई, दंडवत. छापील चिठ्ठ्या... काय बोललात.

खोडरबर:
थोडा वाद घालतो. नुसतं जाणणं म्हणजे कृतज्ञता असेल तर ती निरीक्षणाची वही झाली, मग तिला वेगळं नाव कशाला? आणि दुसरं, कोणी काय केलं याची इतकी नेमकी नोंद ठेवली की त्याचं ओझं नाही का होत? मला एका ज्येष्ठ लेखकाने सुरुवातीला खूप मदत केली, आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक कार्यक्रमात ते तेच सांगायचे, 'याला मी लिहितं केलं'. मला त्यांचं नाव ऐकलं तरी अंगावर काटा येतो. माहीत सगळं आहे, पण कृतज्ञ वाटत नाही. आभार या शब्दातच भार आहे असं मी गमतीने म्हणतो.

जुनीशाई:
मग तेच लिहा. 'अमुक साली यांनी माझ्या पहिल्या कथेवर बसून काम केलं, आणि नंतर दहा वर्षं त्याचं भाडं घेतलं.' दोन्ही खरं आहे ना? अर्धं लपवलं की उरलेलं अर्धं खोटं वाटायला लागतं. वही म्हणजे काही देव्हारा नाही.

खवटकाका:
आता मुद्द्यावर आलात. अजून एक राहिलंय ते मी बोलतो. कृतज्ञता हा शब्द लेखकाविरुद्ध वापरला जातो. लेख छापायचा, मानधन द्यायचं नाही, आणि विचारलं की 'अहो तुम्हाला व्यासपीठ मिळालं की'. दोनदा विचारलं की 'फार निगेटिव्ह आहात बुवा'. एका ठिकाणी माझं मानधन चौदा महिने थकलं आणि वर मलाच सांगण्यात आलं की नव्या लेखकांमध्ये कृतज्ञता उरलेली नाही. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो!

दोनओळी:
काका, नव्या लेखकांमध्ये तुम्ही :)

पण हे शंभर टक्के खरं आहे. संपादकाने माझी कविता नीट वाचली त्याबद्दल आभार, आणि मानधनाची आठवण करून देणारं मेल, ही दोन्ही मेलं मी एकाच दिवशी पाठवलीयत. एकाने दुसरं रद्द होत नाही. मिळालेलं माहीत असणारा माणूस न मिळालेलंही ओळखतोच की.

मधलीवेळ:
काकांच्या पहिल्या मुद्द्यालाही थोडा न्याय देते. तक्रार लिहून काढण्याचाही उपयोग असतो. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना चार दिवस ओळीने रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशदायक अनुभवाबद्दल लिहायला लावलं. लिहून झाल्याझाल्या त्यांना जास्तच वाईट वाटलं, पण जे घडलं आणि त्याबद्दल काय वाटलं हे दोन्ही ज्यांनी लिहिलं ते पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी चढले. म्हणजे त्या तीन पत्रांबद्दल मनसोक्त चिडून लिहायला काहीच हरकत नाही. रात्री अडीचला, न पाठवायच्या मेलमध्ये.

निशाचर:
अडीचला कोणी बोलावलं का? हजर.

माझा प्रॉब्लेम वेगळाच आहे, मी फार पॉझिटिव्ह आहे. हसू नका. कादंबरीची चाळीस पानं झालीयत आणि पुरस्कार स्वीकारतानाचं भाषण तीनदा पूर्ण झालंय, त्यात कोणाकोणाचे आभार मानायचे तेही ठरलंय, टाळ्या कुठे पडतील तेही. आणि ते रंगवून झालं की इतकं बरं वाटतं की लिहायला बसावंसंच वाटत नाही. चार वर्षं चाळीस पानं.

मधलीवेळ:
निशाचरभाऊ, तुमच्यावर अख्खं संशोधन आहे. गॅब्रिएल ओटिंगेन यांचं. छान छान भविष्य रंगवलं की अंगातली धडपडच उतरते, २०११ च्या अभ्यासात तर वरचं ब्लड प्रेशरसुद्धा कमी झालेलं दिसलं, म्हणजे शरीर मुक्कामाला पोचल्यासारखं सैल पडतं. त्यांचा उपाय असा की हवं ते रंगवा, पण लगेच त्याच्याशेजारी आपल्यातली नेमकी अडचण मांडा, आणि ती आली की काय करणार तेही ठरवून ठेवा. तुमची अडचण काय?

निशाचर:
एकेचाळिसावं पान. त्यात नायकाच्या बापाला मारायचंय आणि मला तो आवडायला लागलाय.

जुनीशाई:
भाषणात बापाचे आभार माना आणि मारा.

दोनओळी:
पेन्सिलटोक, तुझ्या मैत्रिणीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. हेवा वाटला यात लाज कसली, तो वाटतोच, आणि जवळच्याचाच जास्त वाटतो, नोबेल मिळालेल्याचा कोण हेवा करतं? माझ्याबाबतीत झालं तेव्हा मी एकच केलं, तिचं पुस्तक वाचलं. खरंच वाचलं, पेन्सिल घेऊन. आधी चुका शोधण्यासाठीच वाचत होते, खोटं कशाला बोलू. सत्तर-ऐंशी पानांनंतर एका परिच्छेदाशी थांबले, मला तो जमला नसता. तिला तेवढंच लिहून पाठवलं, कुठल्या पानावरचा कुठला परिच्छेद आणि का. हेवा गेला असं नाही म्हणणार, पण त्याला काहीतरी काम मिळालं.

पाठवायला आपण घाबरतो, वाटतं समोरच्याला ऑकवर्ड होईल. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी २०१८ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. आभाराचं पत्र लिहिणारे लोक समोरच्याला किती अवघडल्यासारखं होईल ते जास्त धरतात आणि त्याला किती आनंद होईल ते कमी धरतात. लिहिताना आपण शब्द नीट जमलेत का ते बघत बसतो, वाचणाऱ्याला फक्त आपुलकी दिसते. लेखकांना तर हा रोग जास्तच, आभाराच्या मेलचेही चार ड्राफ्ट करतात.

अवांतर: आपल्याला वाचक कुठेत, कोणाबद्दल कृतज्ञ राहू असं वाटत असेल तर एमिली डिकिन्सन आठवावी. सुमारे अठराशे कविता, आणि हयातीत छापून आल्या त्या जेमतेम दहा. पण शेजारच्या घरात राहणाऱ्या भावजयीला तिने अडीचशेच्या वर कविता पाठवल्या होत्या. एक वाचक होता आणि तो कोण ते तिला पक्कं ठाऊक होतं.

खोडरबर:
शाईताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे त्या ज्येष्ठांबद्दल लिहून बघितलं. दीड पान झालं. भाड्याचा भाग चार ओळींत संपला, बाकी सगळं त्यांनी माझी कथा जमिनीवर पसरून पानं कशी उलटीसुलटी लावली होती त्यावरच झालं. जरा विचित्र वाटतंय. सध्या एवढंच.

पेन्सिलटोक:
धागा वर काढतेय. मध्ये साडेपाच आठवडे गेले, सगळ्यांचे प्रतिसाद दोन-तीनदा वाचले, उत्तर द्यायला उशीर झाला त्याबद्दल सॉरी.

रोजची वही बंद केली. आता फक्त रविवारी, आणि नियम एकच, कोणी आणि काय केलं ते लिहायचं, विशेषण नाही. 'प्रेमळ', 'सुंदर' आलं की खोडायचं. पहिल्या रविवारी अर्धा तास बसून दोनच ओळी झाल्या. 'ग्रंथालयातल्या बाईंनी मी न सांगता पुस्तक बाजूला काढून ठेवलं. आई फोनवर माझ्या कथेतल्या माणसाबद्दल बोलली, तो खरा असल्यासारखी.' ही दुसरी गोष्ट घडून महिना झाला होता आणि मी तेव्हा आईला म्हटलं होतं की नंतर बोलते, कामात आहे.

तिसऱ्या रविवारी ती साभार परतची पत्रं पुन्हा काढली, मधलीवेळ म्हणाली तसं चिडून लिहायला म्हणून. दोन छापीलच होती. तिसऱ्यात, जे आलं त्या दिवशी मी 'खेद वाटतो' इथपर्यंतच वाचून बंद केलं होतं, त्यात खाली एक ओळ होती की बारा नंबरच्या पानावरची खिडकी मोजणारी म्हातारी लक्षात राहिली. एवढंच. कोणीतरी बारा पानं वाचली होती! मी साडेतीन महिने सगळ्यांना सांगत होते की वाचलीसुद्धा नाही.

म्हातारी माझ्या कथेत फक्त एका परिच्छेदापुरती आहे. दोन दिवस विचार करून तिच्यापासून सुरुवात केलीय, पुर्नलेखन चालू आहे, आधीची अकरा पानं बहुतेक जातील. चांगली होतेय का ते माहीत नाही, पण फाइल उघडते रोज. त्या संपादकांना दोन ओळींचं मेल केलं, उत्तर आलं नाही, येईल असं वाटतही नाही.

मैत्रिणीचं पुस्तक वाचलं. दोनओळी, तुला सत्तर-ऐंशी पानं लागली, मला एकशे दहा लागली, मी जास्त खडूस आहे. एका संवादाबद्दल सविस्तर लिहून पाठवलं, पान नंबरसकट, घाबरत घाबरत, चार ड्राफ्ट करून. तिचं उत्तर आलं, 'थँक्यू!!!' मोजली. तीनच आहेत.

निशाचर:
अर्रर्र. म्हणजे तिलाही...?

पेन्सिलटोक:
तेच ना. रात्रभर हसत होते. काय माहीत, तिच्या उशीखाली काय आहे.

जुनीशाई:
संपादकाचं उत्तर येणार नाही, पण ते मेल त्यांनी कुठेतरी ठेवलेलं असेल. माझ्याकडे अशी सहा आहेत, बावीस वर्षांतली. कोणाची ते नावासकट सांगू शकेन.

खवटकाका:
पेन्सिलटोकबाई, म्हातारीपासून सुरुवात करताय ते योग्य. पुनर्लेखन करताना लोक सुरुवात वाचवायला बघतात आणि पुनर्लेखन फसतं. पुनर्लेखनाचा खर्डा झाला की इकडे टाका, मी वाचेन. आधीच्या अकरा पानांतलं पुनर्लेखनात काही घेऊ नका.

निशाचर:
काका, ऑरेलियसच्या मास्तरांनी एकदाच म्हटलं असतं हो.

पेन्सिलटोक:
कळलं काका, पुनर्लेखन. वरचं एडिट करत नाहीये, राहू दे तसंच. रविवारच्या वहीत एक ओळ झाली.